फणसाचं माप

आमच्या दारावरच्या पाटीवर माझ्या नावापुढं बी.ई. मेकॅनिकल असं कोरलेलं आहे. पाटी आईनं लावायला लावली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं असं तिला वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू. कागलच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजायचे आणि केसभर चुकले तरी बाजूला काढायचे, हे माझं काम.

लाकडाचा नाद नंतर लागला. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनं लेथ मशीन आणलं, लाकडाला चालेल असं करून मागच्या पत्र्याच्या शेडात बसवलं. मग रस्त्याकडेला तोडून टाकलेली, जळणाला निघालेली झाडं दिसली की त्यातला एखादा ओंडका मागून आणायचा आणि त्याचे वाडगे कातायचे. कंपनी सोडली काय, असं गल्लीतल्या दोघातिघांनी काळजीनं विचारून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी राधानगरीकडची. साखरपुडा झाला आणि आठवड्याभरात तिकडं वळवाचं वारं असं सुटलं की तिच्या परसातला फणस मुळासकट गोठ्यावर आडवा झाला. जनावरं बाहेर होती म्हणून वाचली. मुलगी बी.कॉम. झालेली, तिच्याही घरातली पहिलीच, आणि सगळा अभ्यास त्या फणसाखाली बसून केलेला. भावाशी फोनवर ती झाडाबद्दलच बोलत राहिली. लाकडातलं तुलाच कळतं म्हणत त्यानं फोन माझ्या हातात दिला.

“भावजी,” ती म्हणाली, “झाड तर गेलं. जळणाला जायच्या आधी त्यातलं कायतरी माझ्यासंगं तुमच्या घरात येऊ दे की.”

नुसता वाडगा केला असता तर तो मांडणीवर जाऊन बसला असता. मी म्हटलं, माप करतो. नवी नवरी घरात येताना उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडते, ते तुझ्या फणसाचं असेल. दुसऱ्या दिवशी भावाकडून कळलं, तिनं गावभर सांगून टाकलंय.

ओंडका आला तो दुधाच्या गाडीतून, कॅनच्या मधोमध बसून. तिच्या वडिलांनी तसाच बसवून दिला होता. “पावणं, बिगीबिगी उतरून घ्या, दूध नासलं तर मला बोलणी बसत्यात,” असं म्हणत ड्रायव्हर घाई करत होता. सालीतून अजून चीक गळत होता. फळ कापताना लावतात तसं हाताला खोबरेल चोपडून आम्ही भावाभावांनी तो शेडात घेतला.

ओलं लाकूड कातण्यासारखी मजा नाही. पटाशी टेकवली की भुसा पडत नाही, लांबच्या लांब ओल्या फिती निघतात आणि तोंडावर पाण्याचे शिंतोडे येतात. फणस आतून पिवळाधमक. त्या दिवशी शेडातून बाहेर आलो तर शेजारीण म्हणाली, लग्न भावाचं आणि हळद तुम्हाला कशी काय लागली?

पहिलं माप सकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. खोडाचा गाभा मध्ये राहिला की लाकूड फाटतं, हे मला वाचून माहीत होतं, पण हात शिवशिवत होते. काठापासून बुडापर्यंत चीर गेली. आईनं त्या चिरेत बोट घालून बघितलं.

मग उरलेला ओंडका पाचर ठोकून मधोमध फोडला, गाभ्याकडचा भाग टाकून दिला आणि दुसरं माप कातलं. पोट गोल, बूड मुद्दाम जाड. व्हर्नियर लावून चारी बाजूंनी मोजलं. इतकं गोल की मी ते जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून जेवलो. चारपाच दिवसांत ते लांबट झालं. बूडही वाकलं आणि टेबलावर ठेवलं की डुलायला लागलं.

ओल्या लाकडाचा स्वभावच तो. वाळताना एका अंगानं जास्त आकसतं, दुसऱ्या अंगानं कमी. जाड कातून, भुशात पुरून, महिनोन्‌महिने वाळू द्यायचं आणि मग परत गोल करायचं, हा रस्ता आहे. पण लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“पितळंचं माप हाय की घरात,” आई म्हणाली. “ह्ये उंबऱ्यावर ठेवल्या ठेवल्या आपसूक लवंडलं म्हंजे? पोरीचा पाय लागायच्या आधीच सांडासांड. बाया तिलाच नावं ठेवतील, तुला न्हाय.”

हे मात्र खरं होतं. माझं माप चुकलं तर बोल त्या पोरीला लागणार होता. आईची अट एकच, माप उंबऱ्यावर स्वतःच्या बुडावर उभं राहिलं पाहिजे. नाहीतर पितळेचं.

मग रोज संध्याकाळी कडप्प्यावर पॉलिश पेपर पसरून मी बूड घासायचो. रात्रीत लाकूड परत हलायचं. सकाळी आई ते उंबऱ्यावर ठेवून बोटानं टोचायची. “रिजेक,” म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. हा शब्द ती माझ्याकडूनच शिकलेली. कंपनीत मी दहाजणांचा माल परत पाठवतो, आणि घरात माझा एकुलता एक पीस रोज परत येत होता. तिकडून राधानगरीचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, उभं राहिलं का? लग्नाआधीचं आपलं सगळं बोलणं एका बुडावर गेलं, असं भाऊ अजून ऐकवतो.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि लाकूड एकदाचं थांबलं. लांबट तर लांबट, पण उभं. आईनं टोचलं, परत टोचलं, दार जोरात आपटून बघितलं. “हं. ऱ्हाऊ दे,” म्हणाली. तरी वरात यायच्या आधी तिनं पितळेचं माप तांदळानं भरून दाराआड ठेवलं, ते मी बघितलं.

नवरी दारात आली तेव्हा दोन्ही गावच्या बाया उंबऱ्याभोवती दाटल्या होत्या. माप जागचं हललं नव्हतं. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि उजव्या पायाचा अंगठा हळूच लावला. हळूच म्हणजे फारच हळू, आपल्याच झाडाला पाय लावायचा होता तिला. माप आतल्या बाजूला कललं, तांदूळ घरात सांडले, काठ जमिनीला टेकला, आणि जाड बुडाच्या वजनानं ते झुलत झुलत परत उभं राहिलं. निम्मे तांदूळ आतच.

असं कुणीच बघितलं नव्हतं. तिचा पाय तसाच अधांतरी. “भावजी, परत लोटू का?” तिनं बारीक आवाजात विचारलं. मी आईकडं बघितलं. आईचा हात दाराआडच्या पितळेकडं गेलेला. तो तिथंच थांबला.

“कशाला परत?” आई म्हणाली. “सांडूनबी भरल्यालं ऱ्हायलं. आणि काय पायजे? ये आत.”

मग हशा पिकला. तिच्या मावशीनं तर माप उचलून बाहेरच्यांना दाखवलं. भावजय आत आली. पितळेच्या मापातले तांदूळ आईनं गुपचूप डब्यात परत ओतले.

आता ते माप वाळून मधाच्या रंगाचं झालं आहे. रोजच्या भाताचे तांदूळ त्यानंच घेतात. आल्या पाहुण्याला आई ते हमखास दाखवते. वाकडं कसं काय, असं कुणी विचारलंच तर म्हणते, दारावरची पाटी वाचून या आधी.