आत्याची चौकशी आणि माझा निकाल

आमच्या आत्याला आजवर फक्त एकाच माणसानं गप्प बसवलं, आणि तो माणूस मी.

तेव्हा मी सांगलीत वकिलीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन सुटीला तासगावजवळ आत्याकडे आलो होतो. एके दिवशी शेजारच्या दादू अण्णांचं हळदीचं पोतं सोप्यातून नाहीसं झालं. (सोपा म्हणजे पुढची ओसरी, दोन्ही घरांना मिळून एकच.) दुसऱ्या दिवशी सकाळीच हवालदार दारात!

"आक्का, चौकीवर चला. सायबांनी इचारायला बोलावलंय."

आत्याचा चेहरा पडला. माझा फुलला!

"बाईमाणसाला चौकीवर बोलावता येत नाही!" मी गरजलो. "नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. घरी येऊन विचारा!"

हवालदार दचकला. मग "बरं" म्हणून चक्क परत गेला, तेव्हा मी त्याहून जास्त दचकलो.

थोड्याच वेळात फौजदारसाहेब जीप घेऊन हजर. जीप बघून अख्खी गल्ली गोळा झाली. आत्या गुपचूप चौकीवर गेली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. आता आमच्या कौलांवरसुद्धा पोरं चढली होती!

"आता रं?" आत्या कुजबुजली.

"तू अडचणीत येशील असं काही बोलायचं नाही. हक्क आहे तुझा."

"आक्का, पोतं कुणी नेताना बघितलं का?" साहेबांनी विचारलं.

आत्या गप्प.

"काल घरीच होता ना?"

गप्प! गल्ली हादरली. ही बाई कीर्तनातसुद्धा बुवांना मधे बोलू देत नसे! दादू अण्णा तर रडकुंडीला आले. "आवं वैनी, तुमी न्हेलं आसलं तरी ऱ्हाऊ द्या, पन बोला कायतरी!"

आत्या माझ्याकडं वळली. "ह्यो हक्क भाच्यासाठी बी चालतो का रं?"

"छे! ज्याचा त्याला, स्वतःपुरता," मी ऐटीत सांगितलं.

"मंग सायेब, पोतं ह्यानंच न्हेलं. काल सांगलीच्या बाजाराला जानाऱ्या ट्रॅक्टरवर आमचं हळदीचं पोतं चढव म्हनलं, तर ह्यानं अण्णांचं चढीवलं! आमचं हितंच हाय."

साहेबांनी फक्त "काय हो?" एवढंच विचारलं आणि मी बोलत सुटलो! पोतं मीच चढवलं, नीट बघितलं नाही, विहिरीमागं विड्या ओढतो, आणि परीक्षेत नापास झालोय, घरी अजून सांगितलेलं नाही!

पोतं सगळे विसरले.

"नापास?" आत्या किंचाळली. "मंग मगापास्नं कायदा कुनाचा सांगत हुतास?"

"कायदा बरोबर सांगितला हो त्यानं," साहेब म्हणाले.

"मंग नापास कसा झाला?"

"पेपरात गप्प बसला असंल!"

गल्ली खो-खो हसली. मला वाईट एवढंच वाटलं, की साहेबांचा तपास अगदी अचूक होता.