तीन तास नऊ मिनिटं

रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करून बसतं. मी एकवीस किलोमीटर पळायचं कबूल केलं. वय सेहेचाळीस, बाळंतपणात चढलेलं वजन अजून उतरलेलं नाही, आणि शेवटचं पळाले होते ते नेकनूरच्या स्टँडवर, सुटत्या एसटीमागं.

त्याचं झालं असं. माझी लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा आठशे मीटर आडवं आलं. गोळाफेक चांगली, शंभर मीटर चांगले, अभ्यास तर लहानपणापासूनच चांगला. पण आठशे मीटरला थोडक्या सेकंदांनी मार्क जायचे आणि ती लेखी परीक्षेपर्यंत पोचायचीच नाही. दुसऱ्या वेळी घरी आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, ग्राउंडच खराब होतं, वळणावर सगळी खडी होती. आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं लेकरं शिकवणारी बाई, भाकरी थापता थापता म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण लोकांचा राग नाकावर असतो, माझा जिभेवर. मी बोलतच गेले. आठशे मीटर म्हणजे काय लई हाय का? तुझ्या निम्म्या वयाची होते तवा धारूरच्या डोंगरात आबांच्या मेंढरांमागं दिवसभर चालत होते, पायात धड चप्पल नव्हती. तुला बूट हायेत, अकादमी हाय, सकाळी उकडलेली अंडी हायेत. होत नसंल तर सोड, पाटोद्याचं स्थळ वाटच बघायलंय.

हे शेवटचं बोलायला नको होतं. पाटोद्याच्या मुलाचं खताचं दुकान होतं, माणसं बरी होती आणि "भरती होऊ द्या" म्हणून आम्ही त्यांना दोनदा थांबवलं होतं. लेकीला ते स्थळ नको होतं असं नाही. तिला आधी वर्दी हवी होती. माझं बोलणं ऐकून ती उठली, आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर जायची बंद झाली. आठवडा गेला, महिना गेला. पुढची भरती लागली तरी हिचं काही हलेना.

एका संध्याकाळी मी पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. बीडला हाफ मॅरेथॉन होती, तीन आठवड्यांनी.

"तू पळून दाखव," ती म्हणाली. "मेंढरामागं न्हाई, घड्याळासंगं. तीन तासांची वेळ हाय. तीन तासांच्या आत आलीस तर मी दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर. न्हाई आलीस तर तू ग्राउंडबद्दल एक शब्द बोलायचा न्हाई, आन् मी पाटोद्याला हो म्हणते."

तिचे वडील जेवत होते. ते आमच्या दोघींच्या भांडणात कधी पडत नाहीत. "घोडामैदान जवळच हाय," एवढं म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

"घाल नाव," मी म्हणाले.

खरं सांगते, मला वाटलं होतं, यात काय एवढं. चालण्याची मला कधी भीती वाटलीच नाही. पण पहिल्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळायला लागले आणि दोन विजेच्या खांबांच्या पुढं जाववेना. पाय म्हणत होते चल, छाती म्हणत होती मेले. ओढणी कमरेला बांधून, दम खात उभी होते तर दुधाच्या किटल्या घेऊन मोटारसायकलवरून चाललेले एक म्हातारबुवा थांबले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा.

"बाई, कावून पळायलाव? कुत्रं लागलं का मागं?"

"न्हाई हो, सहज."

"सहज कोण पळतंय," म्हणाले आणि गेले. दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं होतं.

तीन आठवड्यांत माझं जास्तीत जास्त पळणं झालं ते सात किलोमीटर, तेही निम्मं चालत. मग गुडघा धरला, दोन दिवस शाळेत खुर्चीवर बसून शिकवलं. लेक बघत होती, बोलत नव्हती. फक्त आदल्या दिवशी माझ्या कुर्त्यावर नंबरच्या कागदाला चार पिना लावता लावता म्हणाली, "पहिल्या पाच किलोमीटरला घाई करू नको." शर्त तिनंच लावली होती, आणि पिन माझ्या अंगाला टोचू नये म्हणून आतून बोट धरलं होतं. मला भरून आलं.

जानेवारीतली सकाळ होती. मैदानातून सुटायचं, गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागायचं, साडेदहा किलोमीटरवर वळून माघारी यायचं. लेक मैदानातल्या शेवटच्या रेषेवरच्या मोठ्या घड्याळापाशी थांबणार होती. सुटायच्या वेळी सगळे पुढं घुसत होते आणि मी आपोआप मागं मागं सरकत गेले. ही जित्याची खोड. मेंढरं हाकताना आबा, माझे वडील, पुढं चालायचे आणि मी सगळ्यांच्या मागं, हातात काठी घेऊन. मागच्यानं पळायचं नसतं, कारण मागचा पळाला की मेंढरं बुजतात. आणि मागच्यानं सगळी पुढं गेल्याशिवाय पाऊल उचलायचं नसतं. शेकड्यांनी माणसं माझ्या पुढून गेली आणि मी शिस्तीत उभी. सगळे गेल्यावर निघाले तेव्हा घड्याळात तीन मिनिटं होऊन गेली होती. आबा असते तर शाबासकी मिळाली असती.

पहिले आठ-नऊ किलोमीटर बरे गेले. ज्वारी कणसाला आली होती, उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या, त्यांच्या गाण्यांच्या आवाजात आपला दम ऐकू येत नव्हता. वळून माघारी फिरले तेव्हा हिशोब केला. असंच चालू राहिलं तर तीन तासांत होतंय. मनात लेकीला काय काय सुनवायचं तेसुद्धा ठरवलं. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बाराव्या किलोमीटरनंतर उन्हं वर आली आणि माझ्यातलं काहीतरी संपलं. पाय दुखत होते हे खरं, पण पाय दुखलेले मला ठाऊक आहेत. हे निराळं होतं. डोंगरात दमलं की आबा म्हणायचे, बस जरा बोरीखाली, मेंढरं कुठं पळून चालली. इथं मी दमले तरी घड्याळ दमत नव्हतं. मी चालले तरी ते पळत होतं. पंधराव्या किलोमीटरच्या पाटीपाशी मी मनगटाकडं पाहिलं, डोक्यात भागाकार केला आणि मला कळलं की आता होत नाही. अगदी सरळ गणित होतं, चौथीच्या पोराला सुटलं असतं. आणि अजून सहा किलोमीटर रस्ता शिल्लक होता.

तिथंच थोडं पुढं एक बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. तिशीतली असेल, बँकेत नोकरीला होती असं नंतर कळलं. पोटरीत गोळा आला होता, रडकुंडीला आली होती. मी थांबले. तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठा वर ओढून धरला, पोटरी चोळली, लंगडणाऱ्या मेंढीचा पाय चोळतात तशी. आबांची शिकवण होती, लंगडं जनावर मागं टाकून जायचं नाही. तिला उभं केलं आणि पाव किलोमीटर तिला धरून चालले. मग ती म्हणाली, "ताई, तुमी जा, तुमची वेळ चालली." माझी दहा-बारा मिनिटं गेली असतील.

उरलेलं मी कसं काढलं ते धड आठवत नाही. थोडं पळाले, जास्त चालले. पाणी देणारे टेबलं उचलत होते. मैदानात शिरले तेव्हा घड्याळाखाली दोन माणसं शिडी लावत होती, पण आकडे अजून चालू होते. तीन तास, नऊ मिनिटं. पदकं वाटून झाली होती. कुणीतरी मला एक केळं दिलं.

लेक तिथंच उभी होती. तिनं मला धरलं, खाली बसवलं, बुटाची नाडी सोडली. एवढ्यात ती बँकेतली बाई कुणाच्या तरी गाडीवर बसून आली आणि सगळ्यांदेखत सांगायला लागली की या ताई माझ्यासाठी थांबल्या, न्हाईतर कवाच आल्या असत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"किती वेळ थांबलीस?" तिनं विचारलं.

"दहा-बारा मिनिटं."

तिनं हिशोब केला, मला दिसलं. नऊ मिनिटं उशीर आणि दहा मिनिटांचा थांबा. म्हणजे आई जिंकली. "मग ते धरायचं न्हाई," ती म्हणाली. "तू वेळेत आलीस असंच समजायचं. मी उद्यापासून जाते ग्राउंडवर."

मला जे पाहिजे होतं ते सगळं तिनं माझ्या हातात दिलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं मला. आणि मी बसलेही गप्प. नेकनूरच्या गाडीत खिडकीशी बसेपर्यंत, गाडी बीडच्या बाहेर पडेपर्यंत मी गप्पच होते. केळं हातात तसंच होतं.

मग मला राहवेना. मी म्हणाले, "ऐक. मी तिच्यासाठी न्हाई थांबले."

"म्हणजे?"

"म्हणजे थांबले, पाय चोळला, सगळं खरं हाय. पण त्याच्या आधीच माझं संपलं होतं. पंधराव्या किलोमीटरला मला कळलं की होत न्हाई. तिच्यापाशी दहा मिनिटं टेकले म्हणून तर पुढचं तरी निघालं. आन् ती बसलेली दिसली तवा मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. म्हणलं, चला, आता आपल्याकडं सांगायला कारण झालं."

बोलताना मला रडू यायला लागलं, गाडीत माणसं होती तरी. "तू म्हणाली होतीस वळणावर खडी हाय. मी तुला काय बोलले होते? आन् मी काय केलं? मीबी खडीच शोधत होते. तुझी शर्त मी हरले. आता मी ग्राउंडचं काही बोलायची न्हाई. तुला जे करायचं ते कर."

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. मला वाटलं, आता ही पाटोद्याचंच बोलणार. मी मनाची तयारी केली.

"आई," ती म्हणाली, "वळणावर खडी नव्हती."

मी डोळे पुसून तिच्याकडं पाहिलं.

"सहाशे मीटरला मला कळतं. दोन्ही वेळेस कळलं. की आता सेकंद पुरत न्हाईत. मग शेवटच्या दोनशेला मीच पाय ढिले सोडले. जोर होता अंगात. पण सगळा जोर लावून नापास झाले असते तर घरी येऊन काय सांगायचं होतं? तू भाकरी थापत बसलेली असतीस."

तेवीस वर्षं वाढवलेली लेक माझी, आणि नापास होण्यापेक्षा तिला माझ्या चुलीपुढं येण्याची भीती जास्त होती. मी कुणाला मारलं नाही कधी, शाळेतसुद्धा नाही. मला वाटायचं, बोलण्यानं काय होतं, बोलणं वाऱ्यावर जातं. तिचा हात मी हातात घेतला तर तिनं तो काढून घेतला नाही, एवढंच त्या दिवशी मला पुष्कळ होतं.

नेकनूर आलं. उतरताना माझे पाय पायरीवर टेकेनात, तिनं मला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. स्टँडवर उभं राहून म्हणाली, "बाबांना सांगू, पाटोद्याला फोन करा म्हणून. भरती झाल्यावर बघू. थांबले तर थांबले."

"शर्त?"

"शर्त तू हरलीस. बोलायचं न्हाई."

चार दिवसांनी, मला धड चालता यायला लागल्यावर, तिनं मला ग्राउंडवर नेलं. वळणाच्या आधी एका ठिकाणी उभं केलं. तिथं सहाशे मीटर होत होते. "इथं थांब," म्हणाली. "काही म्हणायचं न्हाई. चल म्हणायचं न्हाई, जोरात म्हणायचं न्हाई. नुसतं उभं राहायचं." मी ओढणीचं टोक तोंडात धरून उभी राहिले.

ती आली. चेहरा सगळा वेडावाकडा झालेला, दात घट्ट. माझ्यासमोरून जाताना माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की तिलाही कळलंय, आजही पुरत नाही. माझ्या तोंडात दहा शब्द आले होते. मी ते गिळले. ती वळणावर गेली आणि तिनं पाय सोडले नाहीत. शेवटच्या फुटापर्यंत सोडले नाहीत. लंगडत लंगडत मी तिच्याकडं गेले.

ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती, नाकातोंडातून पाणी गळत होतं. हातातलं घड्याळ तिनं मला दाखवलं. सहा सेकंद जास्त.

"आई," ती म्हणाली, "आज मी खरी नापास झाले." आणि हसायला लागली.

भरतीला अजून सतरा दिवस होते.