हापशीच्या पाण्याचा रंग

माझं सगळं संशोधन एका पिवळ्या द्रावणात होतं. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की ते लाल व्हायचं. यंत्र नको, वीज नको, डोळ्यांनी पाहायचं आणि सांगायचं. अमरावतीच्या कॉलेजात तीन वर्षं त्या रंगामागे घालवली आणि खरं सांगते, मला जरा जास्तच चढली होती. माय फोनवर विचारायची, "झालं का वं तुह्यं पाणी लाल?"

फ्लोराइडनं पोरांचे दात डागाळतात, म्हाताऱ्यांची हाडं आखडतात. म्हणून मायला म्हटलं, आपल्या वस्तीच्या हापशीचं पाणी पाठव. आमचं गाव अकोल्याकडं, खारपाणपट्ट्यात. सगळीकडं खारं पाणी, गावातली एक विहीर सोडली तर आमच्या हापशीलाच तेवढं गोडं लागलेलं. ती हापशी बसायच्या आधी वस्तीतल्या बाया गावातल्या विहिरीवर जायच्या. दोराला हात लावायचा नाही. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. हापशीला पहिलं पाणी आलं त्या दिवशी मायनं वस्तीभर पेढे वाटले होते.

एसटीतून बाटली आली. राजापेठेतल्या खोलीवर न थांबता मी ती तशीच कॉलेजात नेली आणि द्रावणात चार थेंब टाकले. लालभडक! मी बावळट, आधी आनंदानं ओरडले. मग लक्षात आलं, हे पाणी माय रोज पिते. लगेच फोन लावला. "माय, एक घोटही पिऊ नोको. कोणालेच पिऊ देऊ नोको."

मायनं शब्द खाली पडू दिला नाही. हापशीचा दांडा दोरीनं बांधून टाकला आणि बाया पुन्हा त्या विहिरीवर जायला लागल्या. आता तिथं कुणी अडवत नाही, दोरही हातात देतात. पण माय दोराला शिवली नाही. जुन्या जागी बाजूला उभी राहिली, कुणी घागर भरून देईस्तोवर. शेजारच्या काकूनं हे मला फोनवर सांगितलं.

गाइड सरांना विचारायचं मला तेव्हा सुचलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, सोड्यासारखी अल्कली पडली तरी हे लाल होतं! एका बाटलीवर हापशी बंद केलीस?" हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्याच दिवशी गावी गेले. स्वतः पाणी भरून थेंब टाकले. पिवळंच. तीनदा टाकले, तीनदा पिवळंच. तरी आता माझ्या रंगावर माझाच भरवसा उरला नव्हता. अकोल्याच्या प्रयोगशाळेत नमुना दिला आणि फ्लोराइड मर्यादेत असल्याचा कागद हातात पडल्यावरच हापशीपाशी बायांना जमवलं. चूक माझी होती, पाण्याची नव्हती, असं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "बारा दिवस पाय तोडले वं आमचे! आता तू आमच्या घागरी भर." बाया हसल्या. मी दोरी सोडली आणि हात दुखेस्तोवर हापसत राहिले. लाज वाटत होती, बरंही वाटत होतं.

घरी आल्यावर मायला विचारलं, "ते बाटली कायनं धुतली होती वं?"

"राखेनं घासली. मंग सोड्याचं पाणी भरून दुपारभर ठेवली."

"कावून पण? मी नुसतं पाणी मांगतलं होतं!" मी चिडलेच.

माय माझ्याकडं पाहतच राहिली. "कावून म्हंजे? आपल्या घरचं पाणी कॉलेजात जाऊन राह्यलं होतं. कोणी नाक मुरडलं असतं तं?"

कॉलेजात कुणीच नाक मुरडलं नव्हतं. तिच्या पाण्याला नावं ठेवली ती मीच, तिच्या पोटच्या पोरीनं.