अक्काचा उजवा कान

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाटणच्या वर डोंगराकडंच्या एका लहान गावात दिलं आणि मला सांगलीत. लग्नानंतर आमच्या भेटी व्हायच्या त्या माहेरच्या जत्रेला, नाहीतर कुणाच्या लग्नाला-बारशाला. मग तिचा मुलगा सैन्यात भरती झाला आणि पहिल्या सुट्टीला येताना आईसाठी मोबाईल घेऊन आला. तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी पुन्हा एकमेकींना सापडलो असं मला वाटतं.

दुपारची जेवणं उरकून मी शिवणाच्या मशीनवर बसले की तिचा फोन यायचा. माझे मालक हळदीच्या पेठेत अडत दुकानात कामाला. ते संध्याकाळपर्यंत येत नसत. त्यामुळं घरात मी, मशीन आणि अक्काचा आवाज. तीही कधी रिकामी बसून बोलली नाही. शेतात भांगलायला बसली की फोन उजव्या कानाशी धरायचा आणि वरून डोक्याला टॉवेल गच्च बांधायचा. दोन्ही हात खुरप्याला मोकळे. मध्येच कुणाला तरी हाक मारायची, म्हशीला शिव्या द्यायची, आणि पुन्हा "हां, तर काय सांगत हुते" म्हणून माझ्याकडं वळायची. पोराशी बोलणं मात्र वेगळं. तो सीमेवरून फोन करायचा तेव्हा ती काम टाकून बांधावर जाऊन बसायची. काय बोलायची ते मला नंतर निम्मं सांगायची, निम्मं ठेवून घ्यायची.

कधीतरी तिनं तक्रार सुरू केली. "आगं, तुझा आवाज लय बारीक येतोय. फोन बिघडला वाटतं."

पाटणला दुकानात फोन दाखवला. दुकानदारानं उघडून, पुसून परत दिला. म्हणाला, काही झालेलं नाही. तरी आवाज बारीकच. भाच्यानं नवा फोन पाठवला. तोही तसाच. मग एक दिवस बोलता बोलता ती म्हणाली, "थांब, ह्या कानाला लावून बघते," आणि लगेच ओरडली, "आगं बया, आता कशी शेजारी बसल्यागत बोलायला लागलीस!" आम्ही दोघी हसलो. ते हसणं आठवलं की आता अंगावर काटा येतो.

पुढं तिच्या उजव्या कानात आवाज यायला लागला. "रातकिडा बसलाय बघ आत. दिवसा बी गप बसत न्हाई," असं म्हणायची.

माझे दाजी, भाच्याचे आबा, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. शिस्तीचे, पण मायाळू माणूस. अक्कानं भारा उचलला तर धावत जाऊन तिच्या डोक्यावरचा उतरवून घेतील असे. त्याच सुमाराला गावाच्या वरच्या अंगाला मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता आणि गावात बोलणं सुरू झालं होतं, की चिमण्या गेल्या, आंब्याला मोहर नीट येत नाही, माणसांची डोकी दुखतात. दाजींच्या मोबाईलवर तर रोज काही ना काही यायचं. कुठं दोन फोनच्या मध्ये अंडं शिजलेलं, कुठं मेंदूचं लालभडक चित्र. त्यांनी ते सगळं मन लावून पाहिलं आणि अक्काच्या कानाशी त्याची गाठ घातली. गाठ घालणं काही वेडेपणाचं नव्हतं. ज्या कानाला फोन, तोच कान बिघडला होता. मलाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

गावाजवळच्या डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले आणि जाता जाता म्हणाले, "फोन जरा कमी करा." एवढं वाक्य दाजींना पुरेसं झालं. घरी येऊन त्यांनी अक्काचा फोन बंद केला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"ह्या डबड्यानंच घात केलाय तुझा," ते म्हणाले. "आता पोराचा फोन माझ्यावर यील. लांब ठिवून स्पीकरवर बोलायचं. कानाला लावायचा न्हाई."

अक्का भांडली नाही. मला ती नंतर म्हणाली, "माझ्या भल्यासाठीच करत हुते गं. भांडू कशी?"

आमच्या दुपारी संपल्या. मी फोन करायची तो दाजींना. ते अक्काला हाक मारायचे, फोन ओट्यावर ठेवायचे आणि बाजूला उभे राहायचे. पहारा म्हणून नव्हे. तिनं चुकून उचलून कानाला लावू नये म्हणून. पण तिसरं माणूस उभं असताना दोन बहिणी काय बोलणार? "बरी हायेस का?" "हाय." "पाऊस?" "हाय की." "बरं, ठेवते." पोराचंही तसंच. भाचा विचारायचा, "आई, कान कसा हाय?" आणि अक्काच्या आधी दाजी उत्तर द्यायचे, "कमी हाय आता. फोन बंद केल्यापासनं लय फरक हाय."

दाजी रोज सकाळी तिला विचारायचे, "आज कमी हाय न्हवं?" आणि ती म्हणायची, "व्हय, जरा कमी हाय." एवढ्या आशेनं विचारणाऱ्या माणसाला नाही म्हणवत नव्हतं. खरं तर आवाज एकदाही कमी झाला नव्हता. उजव्या कानानं ऐकू येणं मात्र हळूहळू संपत चाललं होतं. ती माणसाकडं डावा कान करून वेळ भागवायला शिकली, आणि सगळ्यांना वाटलं औषध लागू पडलं.

असं वर्षाच्या वर गेलं. माझ्या मुलीच्या बाळाचं बारसं सांगलीत ठरलं आणि अक्का पुढं आठवडाभर राहायला म्हणून एसटीनं आली. स्टँडवर मी तिला घ्यायला गेले होते. ती गाडीतून उतरून माझ्याकडं यायला लागली आणि मला वाटलं, ही तिरकी का चालतेय? फलाटाच्या कडेकडेला जात होती, मग सावरून पुन्हा सरळ व्हायची. मी म्हटलं प्रवासानं शिणली असेल. घरी चहा दिला तर तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळला आणि तिला कळलंच नाही. मी पदरानं पुसला तेव्हा ती म्हणाली, "ह्या बाजूला जरा बधिर झालंय. दातांमुळं असंल."

"आणि चालताना?"

"ते बांधावरनं बी हुतं अलीकडं. ह्यांना सांगू नगंस. उगा घाबरतील."

बारशाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी कानाची तपासणी करायला सांगितली. एका बंद खोलीत अक्काला बसवून दोन्ही कानांना यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. डाव्या कानाच्या वेळी ती शाळेतल्या मुलीसारखी टपून बसली होती, आवाज आला की पटकन दाबायची. मग उजव्या कानाची पाळी आली. तपासणारी मुलगी आवाज वाढवत राहिली, वाढवत राहिली. अक्का बटणावर अंगठा ठेवून तशीच वाट बघत होती. मध्येच तिनं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, म्हणजे, सुरू केलं की नाही अजून?

त्यानंतर डोक्याचं स्कॅनिंग झालं. रिपोर्ट कळायच्या दिवशी मी दाजींना बोलावून घेतलं. कऱ्हाडमार्गे पहिल्या गाडीनं आले. इस्त्रीचा शर्ट, पण दाढी करायची राहिलेली. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. "कॅन्सर नाही," त्यांनी आधी सांगितलं. "हळू वाढणारी गाठ आहे. पण आता मोठी झाली आहे, मेंदूला टेकली आहे. काढावी लागेल."

दाजी खुर्चीत पुढं सरकले. "मॅडम, मोबाईलनंच झालं न्हवं हे? त्याच कानाला लावायची ती. तासन्‌तास."

बाई म्हणाल्या, "मोबाईलमुळं अशा गाठी होतात का, हे बरीच वर्षं तपासत आहेत. होतात असं ठाम कुणी दाखवू शकलेलं नाही. अजिबात होत नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. फोन कानापासून लांब ठेवला, वायर लावून बोललं, कमी बोललं, तर त्यात वाईट काही नाही. पण यांची गाठ कशामुळं झाली ते मला माहीत नाही. बहुतेकांच्या बाबतीत कळत नाहीच." मग त्या अक्काकडं वळल्या. "एका कानानं कमी ऐकू येतंय हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

"फोनवर," अक्का म्हणाली. "हिचा आवाज बारीक यायचा. मग दुसऱ्या कानाला लावला."

"बऱ्याच जणांना फोनवरच कळतं," बाई म्हणाल्या. "एरवी दोन्ही कानांनी भागून जातं. तेव्हाच तुम्ही आला असतात तर गाठ लहान सापडली असती."

त्या रागावल्या नव्हत्या. पुढच्या पेशंटचा कागद त्यांनी ओढलासुद्धा. पण दाजी खुर्चीतून उठेनात. मीच त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं.

ऑपरेशन मिरजेला झालं. फार वेळ चाललं. भाचा सुट्टी काढून आला होता. बाप-लेक बाकड्याच्या दोन टोकांना बसून होते. मी दोघांना चहा आणला. दाजींनी कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मग म्हणाले, "मी कपाटाला कुलूप लावलं आणि मला वाटलं, रोगालाच कुलूप लावलं. फोन काढून घेतला ती गोष्ट सोड. तिला दुसऱ्या डॉक्टरकडं न्यायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. कारण सापडलंय म्हटल्यावर कशाला शोधायचं?"

"दाजी, आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

"तुमाला वाटलं. मी केलं."

भाचा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

अक्का वाचली. गाठ पूर्ण निघाली, चालणं हळूहळू सुधारलं. उजवा कान गेला तो गेलाच. चेहऱ्याची नसही दुखावली होती, त्यामुळं उजवी बाजू उतरली. त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. झोपताना त्यावर पट्टी लावावी लागते. दिवसभर डोळ्यात थेंब घालावे लागतात, ते दाजी घालतात. हसली की तोंड एकाच बाजूला जातं, म्हणून ती हसणं आलं की पदर पुढं घेते. जिच्या हसण्यानं भांगलणाऱ्या बायकांची रांगच्या रांग हसायची, ती आता हसण्याआधी पदर शोधते.

फोन तिला परत मिळाला. दाजींनी स्वतःच्या हातानं चार्ज करून दिला, वायर आणून दिली. फोन वाजला की ते आपले उठून गोठ्याकडं निघून जातात. अक्का म्हणते, "बसा की हितं," तरी जातात.

मागच्या उन्हाळ्यात भाचा पुन्हा सुट्टीवर आला तेव्हा मी चार दिवस तिकडं गेले होते. एका संध्याकाळी दाजी दूध घालायला डेअरीवर गेलेले. भाचा आईच्या डाव्या बाजूला बसून शेंगा फोडत होता. अक्का त्याला लग्नाचं विचारत होती. एक स्थळ आलंय, मुलगी बघायला जाऊ या का, असं. तो बराच वेळ शेंगाच फोडत राहिला आणि मग म्हणाला, "आई, एक मुलगी हुती. माझ्याबरोबरच्या पोराची बहीण. मला लय आवडायची. तिला बी."

"मग?"

"तिच्या घरचे विचारत हुते. मी तुला सांगणार हुतो, मग तू आबांना सांगितलं असतंस. मला त्यांच्याशी एकदम बोलायचं धाडस हुईना. पण तू फोनवर एकटी कवा सापडलीच न्हाईस. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तिकडं त्यांनी तिचं दुसरीकडं जमवलं."

अक्काचा हात शेंगांच्या सुपात तसाच राहिला. "आगं बाई," एवढंच ती म्हणाली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो आता मोठा झालेला, खांदे रुंद झालेला माणूस. पण मान खाली घालून बसला होता.

"मावशी, तू बी कुणाला सांगू नगंस," तो मला म्हणाला.

बाहेर दाजींच्या गाडीचा आवाज आला. मी बघितलं, अक्कानं डोळे पुसले, सूप उचललं आणि भाच्याकडं वाकून हळूच म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर ह्यांच्या कानावर घालायचं न्हाई. आधीच जेवत न्हाईत धड."

दाजी रिकामी किटली घेऊन आत आले. आम्हा तिघांना गप्प बसलेलं बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," अक्का म्हणाली. "पोरासाठी पोरगी बघायला कवा जायचं ते ठरवत हुतो."

"जाऊ की," दाजी म्हणाले. खूश झाले. किटली खाली ठेवून ते भाच्याशेजारी, तिच्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि त्या मुलीचं गाव कुठलं, भाऊ किती, जमीन कुठं, असं एकेक विचारू लागले. अक्का पदर ओठाशी धरून सगळ्याची उत्तरं देत राहिली.