पाहुण्यांच्या वहीतलं मिरज

दादा, मिरजेहून माझ्याकडे जयपूरला निघताना बाबांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "पंधरा दिवसांत येतोच. जास्वंदीला तेवढं पाणी घाला." तू रिक्षात सामान चढवत होतास, मी चप्पल शोधायचं सोंग करत होते. घराचा सौदा ठरलाय हे त्यांना कुणी सांगायचं, यावरून आपण आठवडाभर भांडलो होतो. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. मला स्वतःला तर जयपुरात एकोणीस झाली. प्रताप नगरच्या आमच्या घरात मुलं हिंदीत भांडतात, माझ्याही तोंडी दर वाक्याला 'मतलब' येतं. बाबा दर गुरुवारी "बागेत जाऊन येतो" म्हणून निघायचे. माणूस रुळला, असं मी तुला फोनवर सांगितलंही होतं.

गेल्या गुरुवारी ते जेवायला परतले नाहीत. बाग, देऊळ, दवाखाना, सगळं पालथं घातलं. मग घरी खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तिकिटं सापडली, सगळी जुन्या शहरातल्या संग्रहालयाची.

"बाबूजी तो हर गुरुवार आते हैं, मैडम. अंदर बैठे हैं," दारावरचा रखवालदार म्हणाला आणि सहीसाठी पाहुण्यांची वही पुढे केली. मी पानं उलटली. दर गुरुवारी बाबांचं ते पोस्टातल्या नोकरीत घोटलेलं वळणदार अक्षर. 'कहाँ से पधारे': मिरज. शेरा: 'उत्तम. पाहून झाले. आता परत निघतो.' दोन वर्षं हा माणूस माझ्या घरी पाहुणा म्हणून राहत होता. मला तिथेच रडू कोसळलं. रखवालदाराने सही न घेताच आत सोडलं.

जुन्या दरवाजांच्या दालनात बाबा बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी.

"आलीस सुमे? जयपूर सगळं बघून झालं आता. परतीचं तिकीट काढलंस?"

"काढते, बाबा."

दुसरं काय सांगणार होते? घर पाडल्याचं काकूंनी मागेच कळवलंय. जास्वंदही गेली. दादा, आता तू ये आणि तू सांग. मला नाही जमत रे, खरंच नाही जमत.

बाहेर पडताना रखवालदाराने वही पुन्हा पुढे केली. बाबांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात प्रताप नगर लिहायला हात उचलेना, मिरज लिहायचा धीर होईना. मग 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन बारीक रेघा मारल्या. शेऱ्यातही त्याच मारल्या.