बेचाळीस प्रशस्तिपत्रं

आठवडाभर मी ऑफिसात लोकांचे एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप काम उरकणारे छोटे प्रोग्रॅम, दुरुस्त करतो. रविवारीही तेच करायला काचीगुड्याला जायचं म्हणजे अगदी जिवावर येतं. पण बाईंचा फोन होता. "अरे, प्रिंटर थांबेना झालाय. बिननावाचे कागद काढतोय नुसते."

या बाईंनी मला मराठी वाचायला शिकवलं. एका संस्थेच्या मागच्या खोलीत, इथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी, त्यांचा रविवारचा मराठी वर्ग अजून चालतो. वर्षअखेरीच्या प्रशस्तिपत्रांसाठी मीच कधीकाळी मॅक्रो करून दिला होता. यादीत नावं भरायची, बटण दाबायचं. तेव्हा मुलं बेचाळीस होती आणि मी आळशासारखा आत तोच आकडा ठोकून मोकळा झालो होतो. यंदा मुलं नऊ. उरलेल्या तेहेतीस प्रशस्तिपत्रांवर नावच नव्हतं.

"दरवर्षी निघतात थोडी," बाई म्हणाल्या. "त्यांच्या मागच्या बाजूला शुद्धलेखन घेते मी. यंदा फारच निघाली."

"मग सांगायचं नाही का?" मी चिडलो. खरं तर स्वतःवरच. पाच मिनिटांचं काम, आणि इतक्या वर्षांत एकदा विचारायलाही मला फुरसत झाली नव्हती.

जूनमध्ये दहा मुलं जमली नाहीत तर खोली सोडा, असं संस्थेनं सांगून टाकलं होतं. बाई घरोघर फोन करत होत्या. आयांचं उत्तर ठरलेलं, "घरी मराठी बोलतो ना मॅडम, वाचायला टाइम कुठंय?"

यादीतलं शेवटचं नाव मॅक्रोनं स्वतःच शोधावं, अशी सोय मी केली. पन्नास खोटी नावं घातली, पडद्यावर पन्नास प्रशस्तिपत्रं आली. तीन घातली, तीन आली. मग सवयीनं यादी पूर्ण रिकामी केली. तरी एक आलंच, आणि नावाच्या जागी रकान्याचं शीर्षक, 'विद्यार्थ्याचे नाव'.

"बाई, एकही मूल नसेल तर काय करायचं, तेही आत लिहावं लागतं," मी समजावलं.

बाईंनी पडद्यावरचं ते शीर्षक वाचलं. "एकही नसलं तर बटण दाबायला मी तरी कायकू येऊ रे इथं?"

ऑफिसात कुणी अशी चूक ठेवली असती तर मी त्याला झापलं असतं. इथे मी ती तशीच राहू दिली, नऊ नावं परत भरली, आणि बाई सह्या करायला बसल्या.