चार अंशांनी कललेलं नाव

असले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा, "बाईला ॲसिडिटी झाली असेल," असं म्हणून पुढे जाते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं मला थोडं हसू येतंय. माझं वय बावन्न. नेरूळला गाड्यांवर विनाइल, म्हणजे छापलेले मोठे स्टिकर, लावायचं माझं दुकान आहे. नवऱ्याने रेडियमच्या नंबरप्लेट करायला घेतल्या होत्या, त्याला नोकरी लागली, दुकान माझ्याकडे आलं. वीस वर्षं झाली. बाहेरचं, करणी, छाया यातलं मी काही मानत नाही, आजही नाही. तरी जे झालं ते क्रमाने सांगते.

आधी काम समजून घ्या. गिऱ्हाइकाच्या गाडीचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर त्या फोटोवर डिझाइन चढवायचं, आणि दाराच्या फटी, हँडल, सावल्या त्यातून दिसत राहतील असं बसवायचं. बघणाऱ्याला वाटतं, गाडी रंगवून तयारच उभी आहे. याला मॉकअप म्हणतात. गिऱ्हाईक हो म्हणालं की मग खरं प्रिंटिंग.

मागच्या ऑक्टोबरात हर्षदा आली. खाडीकाठच्या सारसोळ्याची, चाळिशीची, बोलायला तिखट. तिने मासे घरपोच द्यायला एक छोटा पांढरा टेम्पो घेतला होता, मागे बंद डबा असलेला.

"ताई, डिझाइन काय पण करा. फक्त दोन्ही बाजूंना मोठ्ठं नाव पाहिजे — हिरावती."

"तुझ्या आईचं नाव?"

"आजीचं. बाबांच्या होडीचं पण तेच." मग जरा थांबून म्हणाली, "पण छापू नका हां अजून. बाबांनी हो म्हटल्याशिवाय नाही लावायचं."

"मग विचार ना त्यांना."

"बोलत कुठे आहेत ते माझ्याशी? आठ महिने झाले."

पाय मोडून बाबा हॉस्पिटलात होते, तेव्हा हर्षदाने होडी विकून टाकली होती. फळ्या कुजल्या होत्या आणि म्हातारा एकटाच खाडीत जायचा हट्ट धरायचा. एखाद्या दिवशी परत येणार नाही, ही तिला भीती. घेणाऱ्याने होडी तोडून लाकूड नेलं. बाबा काठी टेकत घरी आले, धक्क्यावर गेले, रिकामी जागा बघितली. त्या दिवसापासून शेजाऱ्यांशी बोलतात, टीव्हीशी बोलतात, एकुलत्या एक मुलीशी नाही. ती समोर आली की भिंतीकडे वळतात. आई सहा वर्षांपूर्वी गेलेली, मध्ये पडणारं कुणी नाही.

"चित्र तुम्हीच घरी येऊन दाखवा," ती म्हणाली. "मी दाखवलं तर बघणार पण नाहीत."

मी हो म्हटलं. येता-जाता तेवढं करायला काय जातंय.

दुसऱ्या दिवशी टेम्पोचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि दुपारी कामाला बसले. ऑक्टोबरातली दुपार तुम्हाला माहीत आहे. अडीच ते चार आमच्या सेक्टरमध्ये कुत्रंसुद्धा हलत नाही. समोरच्या फार्मसीचं शटर अर्धं खाली, रस्ता पांढराफटक, आणि दुकानात एसीचा एकसुरी आवाज. मी निळा रंग घेतला, खाली पांढरी लाट, वर जाड पिवळ्या अक्षरांत 'हिरावती'. छान बसलं. फाइल सेव्ह केली, फोनवर पाठवून बघितली.

नाव तिरकं होतं. फार नाही, पण वीस वर्षं अक्षरं चिकटवणाऱ्या बाईला केसभरही तिरकं सहन होत नाही. ते पुढे, ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूला, खाली उतरत होतं. कॉम्प्युटरवर तपासलं — अक्षरांचा कोन शून्य. आडवी रेघ ओढून बघितली, त्या रेघेशी नाव चार अंशांनी कललेलं. म्हटलं, माझाच हात लागला असेल. सरळ केलं, सेव्ह केलं, उघडलं. पुन्हा तिरकं.

असं पाच वेळा झालं. मग मी दुसऱ्या बाजूची फाइल उघडली. तिथेही तिरकं, पण उलट दिशेने. म्हणजे तिथेही केबिनच्या बाजूलाच खाली! हे मला खटकलं. सॉफ्टवेअर बिघडलं असतं तर दोन्हीकडे एकाच दिशेने कललं असतं. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे सॉफ्टवेअरला काय ठाऊक?

मी चहा मागवला. टपरीवाला काचेचा ग्लास ठेवून गेला. आता पुढचं मी जसं दिसलं तसंच लिहिते.

पहिल्या बाजूची फाइल पुन्हा उघडून मी त्या नावाकडे बघत बसले होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. एसीचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. त्याच्याखालून दुसरा आवाज यायला लागला, पाणी लाकडाला हळूहळू थापटतंय तसा. घाई नसलेला. डोळ्यांवर झापड नव्हती, उलट सगळं फार स्वच्छ दिसत होतं. आणि मला वाटायला लागलं की नाव सरळच आहे... टेम्पो तिरका आहे. टेम्पो, टेबल, शटर, बाहेरचा रस्ता, सगळं हलकेच एका बाजूला उचललं गेलंय आणि या जगात सपाट अशी एकच गोष्ट आहे, ती पिवळी अक्षरं. भीती वाटली नाही. झोळीतल्या बाळाला वाटत असेल तसं काहीतरी वाटलं.

मी ग्लासाकडे बघितलं. ग्लास टेबलावर सरळ उभा होता. आतला चहा तिरका होता. उजवीकडे खाली, डावीकडे वर, अगदी नावाच्या रेषेत. सांडत नव्हता, हलत नव्हता. वरची सायसुद्धा तशीच तिरकी, शांत.

मी बोट लावलं. चहा गरम होता. बोट लागल्याबरोबर तो डुचमळला आणि सपाट झाला. एसी पुन्हा कानाजवळ घोंघावायला लागला. समोरचा फार्मसीवाला शटर वर करत होता, म्हणजे चार वाजले होते. मी नावाकडे बघत बसले तेव्हा तीनही झाले नव्हते.

मी काय केलं? दुकान बंद करून डॉक्टरकडे गेले. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, कान तपासले, चक्कर येण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डिझायनरच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. त्याने नाव पुसून नव्याने टाइप केलं, सेव्ह केलं. तिरकं. "मॅडम, टेम्पो चढावर उभा असेल फोटोत," तो म्हणाला. टेम्पो सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये उभा होता. शिवाय फोटोत मागची भिंत दिसत होती, तिच्या विटा सरळ होत्या. तो डोकं खाजवून म्हणाला, "मग असंच प्रिंट काढा आणि लावताना सरळ लावा."

व्यवहारी सल्ला होता. मी आधी मॉकअपची कागदावर प्रिंट काढली आणि संध्याकाळी सारसोळ्याला गेले.

बाबा ओटीवर खुर्चीत बसले होते. काळेभोर, बारीक, गुडघ्यावर काठी आडवी. हर्षदा आतल्या दारात उभी राहिली, ओटीवर आली नाही.

"बस बाय," ते मला म्हणाले. "चाय घेशील?"

"नको बाबा, चहा नको." खरंच नको होता. मी कागद पुढे केला. "टेम्पोचं चित्र आहे. नाव लावायचं की नाही, ते तुम्ही सांगायचं. आणि हे जरा तिरकं दिसतंय, त्याकडे लक्ष देऊ नका. लावताना मी सरळ..."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय.

"ह्या तुला कोनी सांगला?"

"काय बाबा?"

"नाव असा खाली जातंय ता." मग आवाज एकदम बारीक झाला. "हर्षेच्या आयशीनं सांगला?"

मी म्हटलं, मी त्यांना कधी पाहिलंही नाही. त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. कागदावरून नजर न काढता त्यांनी हात मागे, आतल्या दाराकडे केला आणि म्हणाले, "हर्षे, चष्मा आन."

आठ महिन्यांनी तिच्याशी पहिले शब्द, तेही हे. ती हललीच नाही. "बहिरी झाली का?" ते म्हणाले, तेव्हा धावली. तिने चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि आम्हा दोघींना सांगितलं.

हर्षदा जन्मायच्या आधीची गोष्ट. होडी नवी होती, चढावर ओढून ठेवलेली, तोंड वर. पेंटरला कशाला बोलवा म्हणून नाव स्वतःच रंगवलं. "गवंड्यासारकी पान्याची नली लावून लेवल काढली, बाय. नाव एकदम सरल, होरी तिरकी. मंग भरती आली, होरी पान्यात उभी रायली... आनि नाव चाललं तोंड खाली घालून, पानी प्यायला." म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. "हिची आयस धक्क्यावर बसून हसली, हसली, डोल्यांत पानी. मी बोललो, कोनाला सांगशील तर बग. दुसऱ्या सालाला गपचूप सरल करून टाकला."

"मला कधी नाही सांगितलंत," हर्षदा म्हणाली.

"कशाला सांगू? तू गावभर करनार. आईवर नाय गेलीस तू, माज्यावर गेलीस." मग कागद गुडघ्यावर ठेवून तिला विचारलं, "होरी इकायच्या आदी मला सांगितला असता तर मी नाय बोललो असतो. म्हनून नाय सांगितला ना?"

"हो."

"हां," ते म्हणाले. मग त्यांनीच कागद तिच्या हातात दिला. "असाच लाव. सरल नको."

मी घरातले सगळे जुने फोटो बघितले. होडी आहे त्या प्रत्येक फोटोत नाव सरळ आहे. ते एक वर्ष कुठेच नाही. हर्षदाला माहीत नव्हतं, हे मी तिच्या चेहऱ्यावरून शपथेवर सांगेन. आणि समजा, कुणी मला सांगितलं असतं, तरी चहाचं काय?

विनाइल आम्ही तिरकंच लावलं. दुकानाचा नंबर मागे छापलाय, त्यामुळे महिन्यातून एक-दोन फोन येतात की तुमचं काम वाकडं झालंय. धंद्याच्या दृष्टीने वाईट, पण काय करणार. फाइल अजून माझ्याकडे आहे. आता त्यात दुसरं कुठलंही नाव लिहिलं की सरळ सेव्ह होतं. मी करून बघितलंय.

परवा सकाळी टेम्पो दुकानापुढे थांबला. बाबा पुढच्या सीटवर होते, हर्षदा गाडी चालवत होती आणि दोघं कडाडून भांडत होते — तिने पापलेटं कुणाकडून तरी फार छोटी घेतली होती म्हणे. मला बघून बाबा थांबले, म्हणाले, "बाय, तूच सांग हिला." मी म्हटलं, मला माशांतलं काही कळत नाही. ते पुन्हा भांडायला लागले, मी अर्धा किलो कोळंबी घेतली आणि आत आले.